ब्रिक्समध्ये आधी टीबीच्या औषधांचे बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा ब्रिक्सचे अध्यक्षपद भारताकडे आहे. त्यानिमित्ताने जे वाचायला मिळते त्यात डॉलरला पर्याय, रुपयातला व्यापार, आयातशुल्क आणि अमेरिकेची नाराजी हेच विषय आलटून पालटून येतात. त्यांचे महत्त्व मला कळते. पण माझी नोकरी मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द पट्ट्यात क्षयरोग कार्यक्रमातली उपचार पर्यवेक्षक म्हणून झाली, तिथूनच मी निवृत्त झाले, आणि ब्रिक्समधल्या देशांची नावे वाचली की मला जागतिक आरोग्य संघटनेच्या याद्या आठवतात. टीबी, एमडीआर टीबी (मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी) आणि टीबी-एचआयव्ही यांचा भार जास्त असलेल्या देशांच्या त्या याद्या. भारत, चीन, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, ब्राझील, रशिया, इथिओपिया ही सगळी नावे तिथेही आहेत.

२०२३ साली जगात १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला आणि साडेबारा लाख माणसे त्याने गेली. त्या रुग्णांपैकी २६ टक्के एकट्या भारतात, १० टक्के इंडोनेशियात, जवळपास ७ टक्के चीनमध्ये. म्हणजे जगातल्या दर शंभर रुग्णांपैकी चाळिसांहून जास्त रुग्ण या तीनच देशांतले. ज्यांच्या घरात आजार आहे तेच देश एका संघटनेत बसतात, औषध बनवणारेही त्यांच्यातच आहेत, औषधांची चाचणी घेणारेही त्यांच्यातच. तरीही प्रत्येक जण आपापली औषधे आपापल्या भावाने घेतो, आणि एका देशात सिद्ध झालेला उपचार दुसऱ्या देशात पोहोचायला दोन-दोन, तीन-तीन वर्षे लागतात. ही वर्षे कोणाच्या अंगावरून जातात ते मी पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

ज्यांना या आजाराशी कधी काम पडले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही टीबीची दोन मुख्य औषधे. या दोन्हींना दाद न देणारा तो एमडीआर टीबी. माझ्या नोकरीच्या बऱ्याच काळात एमडीआरचा उपचार जवळजवळ दोन वर्षांचा होता. रोज मूठभर गोळ्या, आणि सुरुवातीचे सहा ते नऊ महिने आठवड्यातले सहा दिवस कानामायसिनचे इंजेक्शन. कमरेवर टोचून टोचून गाठी व्हायच्या, माणूस नीट बसू शकत नसे. पण खरे नुकसान दिसायचे नाही. हे औषध आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मारते आणि त्या पेशी पुन्हा येत नाहीत. आधी बारीक, चिरके आवाज जातात. मग बोलणे जाते.

गोवंडीच्या शिवाजीनगरात जरीकाम करणारा एक तरुण आमच्याकडे होता, मूळचा बिहारचा. उपचाराच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात तो म्हणाला, "दीदी, कान में सीटी बजती है." मोबाइलची रिंग त्याला ऐकू येईनाशी झाली होती. कानाची तपासणी झाली, डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवले, तोवर उशीर झाला होता. टीबी पूर्ण बरा झाला. वजन वाढले, एक्स-रे सुधारला, कार्डावर 'बरा झाला' अशी नोंद झाली. जरीच्या कामाला डोळे आणि बोटे लागतात, ती शाबूत होती, म्हणून रोजगार गेला नाही. पण त्या कारखान्यात अड्ड्याभोवती, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या लाकडी चौकटीभोवती, आठ-दहा जण बसून दिवसभर गप्पा मारत काम करतात, आणि तो त्या गप्पांतून कायमचा बाहेर गेला. घरी बायको त्याला पाठीवर हात मारून बोलवायची. अशी माणसे एक-दोन नव्हती. त्या वेळी उपलब्ध उपचार तोच होता आणि त्याच्याशिवाय ती माणसे मेली असती, हेही तितकेच खरे.

आता दक्षिण आफ्रिकेकडे बघा. २०१८ च्या जूनमध्ये त्या देशाने एमडीआर रुग्णांना असे इंजेक्शन देणे बंद करून त्याऐवजी बेडाक्विलिन नावाची गोळी सर्वांना देण्याचा निर्णय घेतला. असे करणारा तो पहिला देश. त्यांच्या डॉक्टरांकडे हजारो रुग्णांचा अनुभव जमा झाला होता. गोळीवर माणसे जास्त जगत होती आणि बहिरी होत नव्हती. पाठोपाठ त्यांच्या सरकारने ही गोळी बनवणाऱ्या कंपनीशी घासाघीस करून सहा महिन्यांच्या उपचाराची किंमत ४०० डॉलरवर आणली, आणि ती किंमत इतर गरीब देशांनाही लागू झाली. एका देशाने भाव केला, फायदा अनेकांना झाला. भारतात बेडाक्विलिन २०१६ मध्ये आले ते मोजक्या सहा केंद्रांत. पाटण्याच्या अठरा वर्षांच्या एका मुलीला दिल्लीची रहिवासी नाही म्हणून ते नाकारले गेले, तेव्हा तिच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये औषध मिळाले. २०१८ मध्ये ती मुलगी गेली. इंजेक्शन नसलेला, बेडाक्विलिनचा उपचार आपल्याकडे सर्रास व्हायला २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना याव्या लागल्या. केपटाऊन आणि जोहान्सबर्गमध्ये जे २०१८ ला ठरले ते गोवंडीत पोहोचायला जवळपास तीन वर्षे गेली. औषध महाग होते, परवानगी मर्यादित होती, अशी कारणे आहेत आणि ती मी नाकारत नाही. पण दोन्ही देश ब्रिक्समध्ये होते. दरवर्षी आरोग्यमंत्री भेटत होते. एका देशाच्या नोंदवह्या दुसऱ्या देशाच्या तज्ज्ञ समितीपुढे ठेवायला तीन वर्षे का लागावीत, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

यानंतर जे घडले ते सरकारांनी केलेले नाही, दोन मुलींनी केले. नंदिता व्यंकटेशन मुंबईची, फुमेझा टिसिले केपटाऊनच्या खायेलित्शा वस्तीची. दोघी टीबीतून वाचल्या आणि दोघींचीही श्रवणशक्ती उपचारात गेली. बेडाक्विलिनचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. कंपनीने त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षारावर आणखी एक पेटंट मागितले होते. ते मिळाले असते तर २०२७ पर्यंत भारतातल्या दुसऱ्या कोणाला ही गोळी बनवता आली नसती. आपल्या पेटंट कायद्यात पेटंट मंजूर होण्याआधी कोणालाही हरकत घेता येते, आणि जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मागण्याला कलम ३(ड) आडवे येते. २०१९ मध्ये या दोघींनी हरकत दाखल केली. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सहा महिन्यांच्या उपचाराची जागतिक खरेदीतली किंमत १३० डॉलरपर्यंत उतरली. सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या स्पर्धा आयोगाने चौकशी सुरू केली आणि महिना संपता संपता कंपनीने जाहीर केले की १३४ देशांत ती आपली उरलेली पेटंटे वापरून कोणाला अडवणार नाही.

या घटनांचा क्रम मी मुद्दाम दिला. मुंबईत झालेल्या निर्णयाने भारतीय कारखान्यांची वाट मोकळी झाली, प्रिटोरियात सुरू झालेल्या चौकशीने उरलेला अडथळा हलला. दोन्ही देशांचे कायदे एकमेकांच्या उपयोगी पडले, आणि हे कोणत्याही शिखर परिषदेत ठरलेले नव्हते. ठरवून केले तर काय होईल याचा विचार करावा.

ठरवून केल्याची उदाहरणेही आहेत. २००७ मध्ये ब्राझीलने एचआयव्हीवरच्या इफाव्हिरेन्झ या औषधासाठी सक्तीचा परवाना (पेटंटधारक कंपनीच्या संमतीशिवाय औषध बनवण्याची किंवा आणण्याची सरकारी परवानगी) काढला आणि सुरुवातीला ते औषध भारतातून घेतले. त्याआधी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधे दिवसाला एक डॉलरहून कमी भावात द्यायची तयारी दाखवली, तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराला वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर लागत होते. त्या एका प्रस्तावाने आफ्रिकेतल्या उपचाराचे सगळे गणित बदलले. २ ऑक्टोबर २०२० ला भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की कोविडच्या काळापुरते लशी, औषधे आणि तपासण्यांवरचे पेटंटचे नियम बाजूला ठेवावेत. शंभराहून अधिक देश पाठीशी उभे राहिले. श्रीमंत देशांनी पावणेदोन वर्षे घोळ घातला आणि जून २०२२ मध्ये फक्त लशींपुरता, तोही तोकडा, ठराव झाला. निकाल निराशाजनक होता. तरी दोन देशांनी मिळून मांडलेला विषय जगाला पावणेदोन वर्षे टाळता आला नाही, हेही मी विसरणार नाही.

आणि आपण नुसते घेणारे नाही. टीबीची जनुकीय तपासणी पूर्वी ज्या अमेरिकी यंत्रावर व्हायची त्याला वातानुकूलित खोली आणि अखंड वीज हवी. गोव्याच्या मोल्बायोने बनवलेले ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालते, प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येते, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली. इथिओपियातल्या डोंगरी गावाची गरज गडचिरोलीतल्या गावाच्या गरजेहून फार वेगळी नसणार. झारखंडमध्ये टीबी रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबाला दरमहा धान्य देऊन पाहिले. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या त्या अभ्यासात घरातल्या इतरांना टीबी होण्याचे प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाले. तिकडे ब्राझीलमध्ये बोल्सा फामिलिया या योजनेत गरीब कुटुंबांना दरमहा रोख रक्कम मिळते. त्या योजनेतल्या अतिगरीब लोकांत टीबी निम्म्याने कमी आढळला. एकीकडे धान्य, दुसरीकडे पैसे, दोन्हीकडे पोटाला मिळाले की छाती वाचते. टीबी रुग्णाला खाण्यापिण्यासाठी पैसे देणारी आपली निक्षय पोषण योजना महिना ५०० रुपयांवरून नोव्हेंबर २०२४ पासून १००० वर गेली, ही चांगली गोष्ट आहे. पण पैसे वेळेवर खात्यात पडत नाहीत ही रुग्णांची जुनी तक्रार आहे आणि कुटुंबाचे काय, हा प्रश्न उरतोच. ब्राझीलने एवढ्या मोठ्या देशात दरमहा पैसे वेळेवर कसे पोहोचवले, हे आपल्या अधिकाऱ्यांनी तिथे जाऊन बघण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट कागदावर फारशी येत नाही. आमचा रुग्ण लग्नसराईत किंवा छठला गावी गेला की गोळ्या तुटायच्या. दरभंग्याच्या केंद्राला फोन करून करून आम्ही त्याचा पत्ता लावायचो. आता निक्षय पोर्टल या टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीमुळे नोंद तरी मागोमाग जाते. लेसोथो आणि मोझांबिकमधून दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत गेलेल्या मजुरांचे दुखणे अगदी हेच आहे, फक्त मध्ये देशाची सीमा आहे. खाणीतल्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुस आधीच गेलेले असते. आपल्या पोर्टलचा अनुभव त्यांना देता येईल, आणि धुळीत काम करणाऱ्यांची तपासणी कशी करायची हे त्यांच्याकडून आपल्या खडी क्रशरवरच्या मजुरांसाठी शिकता येईल.

हे सगळे आत्ताच बोलायला हवे याचे कारण पैसा आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि जुलैमध्ये ही मदत देणारी यूएसएड ही सरकारी संस्थाच बंद केली. टीबीच्या कामाला इतर देशांत पैसे देणाऱ्यांत अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा होता. दक्षिण आफ्रिकेत टीबी आणि एचआयव्हीवर काम करणाऱ्या संस्थांना कामे अर्ध्यावर सोडावी लागली. नवी लस, नवी औषधे यांच्या अनेक चाचण्या त्याच देशात होतात, त्यामुळे तिथे काम थांबले की नुकसान आपलेही होते. चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा बीपाम उपचार घ्या. त्यामागच्या मुख्य चाचण्या दक्षिण आफ्रिका, उझबेकिस्तान आणि बेलारूसमध्ये झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तो मान्य केला, भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये. दोन वर्षांच्या जागी सहा महिने, आणि एकही इंजेक्शन नाही. ज्यांच्या देशातल्या रुग्णांनी स्वतःवर चाचण्या करून घेतल्या म्हणून आमच्या रुग्णांना हे मिळाले, त्यांच्या प्रयोगशाळा पैशांवाचून बंद पडत असताना आपण गप्प बसणे मला पटत नाही.

ब्रिक्सने काहीच केले नाही असे नाही. टीबी संशोधनाचे जाळे २०१७ पासून आहे. जुलै २०२५ च्या रिओ परिषदेत गरिबीतून येणाऱ्या आजारांच्या उच्चाटनासाठी भागीदारी जाहीर झाली, त्यात टीबी आहे. उणीव आहे ती एकत्र औषधखरेदीची. २०२३ मध्ये आपल्याकडे एमडीआरच्या औषधांची टंचाई झाली. मार्च २०२४ मध्ये तर साध्या टीबीच्या गोळ्याही कमी पडल्या आणि केंद्राने राज्यांना तीन महिन्यांची औषधे स्थानिक पातळीवर घ्यायला सांगितले. त्या दिवसांत जुने रुग्ण मला फोन करून विचारत होते की केमिस्टकडे मिळेल का. जगाला टीबीची औषधे पुरवणाऱ्या देशात ही वेळ आली. पाच-सहा मोठ्या देशांनी मिळून तीन वर्षांची मागणी आधीच कळवली, एकच निविदा काढली आणि थोडा साठा बाजूला ठेवला, तर कारखानदारालाही भाव कमी करणे परवडते आणि एका देशातली तूट दुसऱ्याच्या साठ्यातून भरता येते. कोविडच्या काळात ब्रिक्सच्याच न्यू डेव्हलपमेंट बँकेने भारताला आणि दक्षिण आफ्रिकेला अब्जावधी डॉलरची कर्जे दिली होती. अशा साठ्याला लागणारी रक्कम त्यापुढे फार लहान आहे.

चीनवर विसंबायचे का, हा प्रश्न विचारला जाईल आणि गलवाननंतर तो विचारलाच पाहिजे. पण आपल्या औषध कारखान्यांत लागणाऱ्या आयात कच्च्या मालापैकी सुमारे ७० टक्के आजही चीनमधूनच येतो. म्हणजे विसंबणे आहेच, फक्त त्याला कोणताही लेखी शब्द नाही. निदान टीबीच्या औषधांचा कच्चा माल कोणत्याही भांडणात अडवला जाणार नाही, एवढे लिहून घ्यावे. त्यांच्याकडेही लाखो रुग्ण आहेत.

वेळ कमी असण्याचे आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते ते सर्वांत मोठे आहे. बेडाक्विलिनलाही दाद न देणारे जंतू दक्षिण आफ्रिकेत, मोझांबिकमध्ये सापडू लागले आहेत. रिफॅम्पिसिनचे मुंबईत काय झाले ते माझ्या पिढीने पाहिले. अर्धवट उपचार, चुकीचे डोस, तपासणीशिवाय दिलेली औषधे, आणि दहा-पंधरा वर्षांत एमडीआरचे वॉर्ड भरले. बेडाक्विलिनचे तसे झाले तर मागे इंजेक्शनच उरेल. कोणत्या शहरात किती रुग्णांना ते औषध लागू पडत नाही, ही माहिती ब्रिक्समधल्या सर्व देशांनी दर तीन महिन्यांनी एकमेकांना दिली पाहिजे, आणि ती लोकांनाही दिसली पाहिजे. प्रतिमा खराब होईल म्हणून आकडे दाबले की पुढच्या वर्षीचा रुग्ण मरतो.

तेव्हा आपल्या वृत्तपत्राद्वारे केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना माझी विनंती आहे. यंदाच्या ब्रिक्स आरोग्यमंत्र्यांच्या बैठकीत जे निवेदन निघेल त्यात सामूहिक खरेदीची तारीख आणि औषधांची नावे असावीत: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, आणि मुलांसाठी विरघळणाऱ्या गोळ्या. एका देशाच्या औषध नियंत्रकाने तपासलेली चाचणीची माहिती दुसऱ्याने किती दिवसांत विचारात घ्यायची, याची मुदत त्यात असावी. आणि त्या बैठकीला टीबीतून बरे झालेले रुग्ण बोलवावेत, मुंबईचे, खायेलित्शाचे, जकार्ताचे, ब्राझीलमधल्या मनौसचे. नुसते फुले देऊन फोटो काढायला बोलवू नये, बोलायला बोलवावे. त्यातल्या काहींना ऐकू येत नसेल. सभागृहात जे बोलले जाईल ते त्याच क्षणी त्यांच्या भाषेत पडद्यावर अक्षरांत दिसेल, याची सोय आधी करावी.

आपली,
निवृत्त क्षयरोग उपचार पर्यवेक्षक
मानखुर्द, मुंबई